बेने इस्रायल समाजाचा मराठी ग्रंथव्यवहार : प्रार्थना, पाठशाळा आणि दानधर्म

१. प्रास्ताविक

उत्तर कोकणातील धार्मिक अल्पसंख्य समाजांनी मराठीत निर्माण केलेल्या वाङ्मयाचा विचार निघाला की, वसई परिसरातील ख्रिस्ती समाजाचे नाव प्रथम पुढे येते. ते स्वाभाविकही आहे. ‘सुवार्ता’सारखे मासिक, त्याचे दीर्घकाळ संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४), त्यांचे ‘सुबोध बायबल’ आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे त्यांना लाभलेले अध्यक्षपद यांमुळे या समाजाचे मराठीपण वाङ्मयेतिहासात नोंदले गेले आहे. याच किनारपट्टीवरील दुसऱ्या एका समाजाच्या वाट्याला मात्र अशी नोंद क्वचितच आली. तो म्हणजे बेने इस्रायल हा मराठी भाषक यहुदी समाज.

अलिबाग, रोहे, पेण, मुरुड या भागांतील खेड्यांतून हा समाज शतकानुशतके राहिला. पुढे तो मुंबई, पुणे व ठाणे येथे स्थिरावला. वसई तालुका ज्या ठाणे जिल्ह्यात १ ऑगस्ट २०१४ पर्यंत, म्हणजे पालघर जिल्ह्याच्या निर्मितीपर्यंत, समाविष्ट होता, त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी १८७९ पासून या समाजाचे ‘शाआर हाशामाईम’ हे प्रार्थनामंदिर उभे आहे. केहीमकर, राजपूरकर, दिवेकर, अष्टमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे पाहिली तरी गाव आणि भाषा यांच्याशी असलेले त्यांचे नाते स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या लहानशा समाजाने प्रार्थनाग्रंथांची भाषांतरे, हिब्रूची व्याकरणे, नियतकालिके आणि आख्याने असे विविध वाङ्मय मराठीत निर्माण केले. ही निर्मिती कोणत्या प्रेरणेने झाली आणि ती मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीआड का राहिली, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या समाजात ग्रंथनिर्मिती हे साहित्यकर्म म्हणून नव्हे, तर दानधर्माचा एक प्रकार म्हणून घडली, आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर याच एका गोष्टीत आहे, असे येथील प्रतिपादन आहे.

२. ग्रंथापूर्वीचा धर्म

आपले पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली आणि धर्मग्रंथ समुद्रात बुडाले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यासत्यतेचा प्रश्न येथे अप्रस्तुत होय. समाजाने स्वतःच्या स्थितीचे कारण ‘ग्रंथ हरपले’ या शब्दांत सांगितले, ही गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक आसपासच्या गावकऱ्यांना ‘शनिवार तेली’ म्हणून परिचित होते. शब्बाथ, सुंता, भक्ष्याभक्ष्याचे काही नियम आणि ‘शेमा’ ही श्रद्धावचनाची प्रार्थना एवढ्या आधारावर त्यांनी आपला धर्म टिकवला. बाराव्या शतकातील थोर यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याने एका पत्रात भारतातील यहुद्यांचा उल्लेख केला असून, त्यांना शब्बाथ व सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र ठाऊक नाही, असा त्याचा आशय आहे.

ग्रंथ नसले तरी धर्मजीवन रिते नव्हते. सणांना त्यांनी मराठी नावे दिली होती. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’, दार लावून उपवासाने पाळावयाचा तो ‘दरफाळणीचा सण’. त्याखेरीज ‘खिरीचा सण’ आणि ‘बिरड्याचा रोजा’. ही नावे शास्त्रातून आलेली नाहीत. ती स्वयंपाकघरातून व घराच्या उंबऱ्यावरून आलेली आहेत. ‘मलिदा’ हा विधी याच वृत्तीचा द्योतक होय. नवस फेडताना, लग्नकार्यापूर्वी किंवा एखादे संकट टळल्यावर एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचे स्मरण करून भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचे ताट मांडावयाचे, हिब्रू आशीर्वचने म्हणावयाची आणि जमलेल्या सर्वांना ते वाटावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहूच्या रथाची खूण मानल्या जाणाऱ्या खडकाशीही हा विधी होतो. वाटून खाल्ल्याविना विधी पुरा होत नाही, हा येथील मर्मबिंदू होय. धर्म आणि वाटप यांची ही सांगड ग्रंथ हाती येण्याच्या आधीपासूनची आहे.

३. मशीद : व्यवस्था आणि निधी

बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिरास बोलीभाषेत ‘मशीद’ म्हणत. त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर मुंबईस मांडवी भागात १७९६ साली उभे राहिले. त्याची हकीकत दानाच्या अंगाने बोधक आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल, हे म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला आणि सुटकेनंतर तो फेडला, असे परंपरा सांगते. मंदिराचे ‘शाआर हाराहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे नाव याच अनुभवाशी सुसंगत वाटते. तोराच्या गुंडाळ्या मिळवण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि तेथेच १७९७ साली मरण पावले. वास्तू उभी राहिली होती; तीत वाचावयाचा ग्रंथ आणि तो वाचू शकणारा माणूस अजून यावयाचा होता. दात्याचा शेवटचा प्रवास ग्रंथासाठी झाला, ही गोष्ट पुढील शतकाची सूचक ठरली.

मशिदीभोवती समाजाची व्यवस्था उभी होती. मुकादम हा जमातीचा प्रमुख, त्याच्या साहाय्यास चौगुले, निधी सांभाळणारा गबई, प्रार्थना चालविणारा हजान आणि मंदिराची देखभाल करणारा शमाश अशी ही रचना. यांतील पहिली दोन पदे कोकणच्या गावगाड्यातून आलेली, तर शेवटची तीन यहुदी परंपरेतली. लग्नकार्यातील देणग्या, नवसाच्या रकमा, दंड आणि तोरा उचलण्याचा किंवा पेटी उघडण्याचा मान मिळावा म्हणून बोलल्या जाणाऱ्या रकमा यांतून निधी जमे. दान येथे जाहीर असे. ते सर्वांसमक्ष बोलले जाई.

या ठिकाणी ‘दानधर्म’ या मराठी शब्दाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. यहुदी परंपरेतील ‘त्सेदाका’ या संज्ञेचा धात्वर्थ न्याय, नीती असा आहे. गरजूला देणे ही दात्याची कृपा नसून ते त्याचे देणे आहे, अशी ही कल्पना. संस्कृतातील ‘दान’ या शब्दात दात्याच्या पुण्याचा भाव प्रधान असतो. परंतु मराठी बोलीत ‘धर्म’ हाच शब्द भिक्षा किंवा मदत या अर्थाने रूढ आहे. दारी आलेला याचक ‘धर्म करा’ असेच म्हणतो. कर्तव्य आणि देणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सामावून घेणारी ही मराठी रूढी ‘त्सेदाका’ला फार जवळची आहे. मराठीतून आपला धर्म नव्याने शिकणाऱ्या या समाजाला हा शब्द बाहेरून आणावा लागला नाही; तो त्याच्या जिभेवर होताच.

४. पाठशाळा : परक्यांकडून घेतलेली विद्या

धर्मग्रंथांचे शिक्षण या समाजास प्रारंभी बाहेरच्यांकडून मिळाले. दाविद रहाबी या गुरूने काही शिष्य तयार केले आणि त्यांतून ‘काजी’ ही परंपरा सुरू झाली, अशी समाजाची स्मृती आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. १८३३ च्या सुमारास आलेले शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव कोकणातील जमातींनी विशेष आदराने जपले. दुसरा प्रवाह ख्रिस्ती मिशनांचा होता. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतून बेने इस्रायल मुले शिकली व काहीजण तेथे शिक्षकही झाले. १८२९ साली मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी खास या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. ते १८३२ साली प्रसिद्ध झाले.

मिशनांचा हेतू धर्मांतराचा होता. तो अगदी थोड्यांच्या बाबतीत सफल झाला. समाजाने मिशनरी व्याकरण स्वीकारले, मराठी जुना करार वाचला आणि त्यांच्या साहाय्याने स्वतःचा यहुदी धर्म अधिक दृढ केला. मिशनरी गद्यातून घडत असलेली धर्मपर मराठी परिभाषा अशा रीतीने मूळ हेतूच्या उलट दिशेने उपयोगात आली. मराठी गद्याच्या जडणघडणीचा इतिहास मांडताना या घटनेची दखल घेतली जावयास हवी.

तिसरा प्रवाह बगदादी यहुद्यांचा. १८३२ साली मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या घराण्याने प्रार्थनामंदिरे, ग्रंथालय, रुग्णालय अशा भव्य वास्तूंना देणग्या दिल्या. भायखळ्याचे ‘मागेन दाविद’ आणि पुण्याचे ‘ओहेल दाविद’ अर्थात लाल देऊळ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. परंतु हे औदार्य आणि समानता या एक गोष्टी नव्हत्या. बगदादी मंडळी बेने इस्रायलांना बरोबरीचे मानण्यास कचरत. दफनभूमीत विभागणी असावी, अशी मागणी १८३६ इतक्या लवकर पुढे आली होती. बेने इस्रायलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता व तो पंगतीपर्यंत पोचत असे. समाजजीवनाचे चित्र रेखाटताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

या पार्श्वभूमीवर जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचे कार्य पाहावे लागते. मिशनच्या शाळेत शिकलेले राजपूरकर ससून घराण्याच्या देणगीवर चालणाऱ्या ‘डेव्हिड ससून बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशन’मध्ये १८५६ साली शिक्षक झाले आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे तेथे मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून १८७१ साली त्यांची नेमणूक झाली. ज्यांना बरोबरीचे मानले जात नव्हते, त्यांच्यातीलच एक गृहस्थ बगदादी मुलांना हिब्रू शिकवत होता. दान एका दिशेने वाहत होते. विद्या उलट दिशेने.

५. भाषांतर हेच दान

राजपूरकरांनी हिब्रू व इंग्रजीतून सुमारे वीस ग्रंथ मराठीत आणले; त्यांत यहुदी प्रार्थनाविधीचा बहुतेक भाग येतो. शाळेतील पगारी काम सांभाळून, मर्यादित वाचकवर्गासाठी केलेला हा उद्योग अर्थप्राप्तीचा असणे संभवत नाही. मायमोनिडीझने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. घेणारा पुन्हा घेणारा राहू नये, तो स्वतःच्या पायांवर उभा राहावा, असे साहाय्य ही त्यांतील सर्वोच्च पायरी. प्रार्थना मराठीत आणणारा भाषांतरकार नेमके हेच करतो. हजानावर अवलंबून असणाऱ्या श्रोत्याला तो अर्थ जाणणारा उपासक बनवतो.

याचे उत्तम उदाहरण ‘हागादा’ या ग्रंथाचे आहे. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या ग्रंथाची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईत १८४६ साली निघाली. पुण्यात १८७४ साली निघालेली सचित्र आवृत्ती अधिक प्रसिद्ध आहे. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरीची तयारी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या आहेत. युरोपीय हागादांतील चित्रपरंपरा चित्रकारासमोर असावी. पण ही स्वयंपाकघराची दृश्ये त्याने आपल्या घरातून घेतली. मिसरातून सुटका झालेले लोक म्हणजे आपणच, हा हागादाचा आशय या चित्रांनी कोणत्याही टीपेवाचून पोचवला. या पाठाच्या आरंभी, जो भुकेला असेल त्याने आत येऊन जेवावे, असे आमंत्रण असते. ते मूळ अरामी भाषेत आहे. यजमानालाच ते उमगत नसेल, तर आमंत्रण नुसते उच्चारले जाईल, दिले जाणार नाही. भाषांतरामुळे ते खरोखरीचे आमंत्रण झाले.

हाईम सॅम्युअल केहीमकर (जन्म १८३०) यांनी हीच प्रेरणा संस्थारूपाने साकार केली. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली. समाजातील वर्गण्या आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य यांवर ती चालली. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीनंतर ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रिबेका रूबेन या विदुषी दीर्घकाळ तिच्या मुख्याध्यापिका होत्या. केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास इंग्रजीत असून तो त्यांच्या निधनानंतर, १९३७ साली, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. शाळेसाठी झटणाऱ्या माणसाला आपला ग्रंथ छापलेला पाहावयास मिळाला नाही. निधीचा अग्रक्रम कोणता होता, याचा यावरून तर्क करता येतो.

६. कीर्तन : निरक्षरांची पाठशाळा

छापील ग्रंथ साक्षरांपर्यंत पोचतो. ज्या स्त्रियांना व वृद्धांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत धर्मकथा नेण्याचे काम कीर्तनाने केले. १८८० साली मुंबईतील बेने इस्रायल मंडळींनी ‘कीर्तनोत्तेजक मंडळ’ स्थापन केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतील प्रमुख कीर्तनकार होत. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, ओवी, अभंग अशा मराठी छंदांत बांधून ती कीर्तनाच्या घाटात सादर केली जाऊ लागली.

वाङ्मयप्रकार म्हणून हा प्रयोग सोपा नव्हता. मराठी कीर्तनाची परंपरा सगुणोपासनेत वाढलेली. यहुदी धर्म तर मूर्तीचा कठोर निषेध करणारा. विठ्ठलाच्या रूपवर्णनाने भरलेल्या छंदांत निराकार परमेश्वराचे स्तवन कसे करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर मराठीत अंशतः तयार होते. संतवाणीतील निर्गुणपर परिभाषा आणि १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने रूढ केलेली एकेश्वरी उपासनेची भाषा यांमुळे ‘प्रभू’, ‘दयाघन’, ‘जगन्नाथ’ या कुळातील शब्द मूर्तीच्या संदर्भावाचून वापरता येण्याजोगे झाले होते. कीर्तनाचा घाट कथेच्या दृष्टीनेही अनुकूल होता. भावांनी विकलेल्या योसेफाने दुष्काळात त्याच भावांना धान्य द्यावे, ही कथा उत्तररंगातील आख्यानाला जितकी साजेशी, तितकीच दानधर्माच्या उपदेशालाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणावे आणि त्याच्या हातून काही सुटावे, हे कीर्तनाचे जुने दुहेरी प्रयोजन येथेही साधणारे होते.

७. भाषेचे स्थलांतर

विसाव्या शतकात या समाजाचे सार्वजनिक जीवन विस्तारले. १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषद भरू लागली. ‘द इस्रायलाइट’सारखे इंग्रजी-मराठी नियतकालिक याच सुमारास निघाले. डॉ. एलिजा मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले. डॉ. जेरुशा झिराड यांनी वैद्यकीय सेवेबरोबरच समाजातील स्त्री मंडळाच्या कामाला आकार दिला. त्यांना १९६६ साली ‘पद्मश्री’ मिळाली. मात्र याच काळात शिक्षित वर्गाची ग्रंथभाषा मराठीकडून इंग्रजीकडे सरकली. निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) यांची कविता इंग्रजीत बहरली. मराठीशी त्यांचे नाते इंदिरा संतांच्या कवितांच्या, वृंदा नाबर यांच्या सहकार्याने केलेल्या, इंग्रजी अनुवादात दिसते. एका शतकात भाषांतराची दिशाच उलटली होती.

दुसरे स्थलांतर प्रत्यक्ष होते. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे त्यांच्या यहुदीपणावरच शंका घेतली गेली. १९६४ साली इस्रायली संसदेच्या ठरावानंतर हा वाद निवळला. भारतातील यहुद्यांची संख्या १९५१ च्या जनगणनेत सव्वीस हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती पाच हजारांच्याही खाली आली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजास अल्पसंख्य दर्जा दिला. स्थलांतरितांनी मराठी टाकून दिली नाही. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, आणि एके काळी पुरुषांनी सुरू केलेले कीर्तन तेथे प्रामुख्याने स्त्रियांच्या गटांनी जपले. एकोणिसाव्या शतकात ज्यांच्यासाठी कीर्तन योजले गेले, त्या श्रोत्या स्त्रियांच्या लेकी-नाती कीर्तनकार झाल्या, हे या परंपरेचे मोठे यश मानावे लागेल.

८. समारोप

वसईच्या ख्रिस्ती समाजाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. दोन्ही समाजांनी मराठीतून आपला धर्म समजून घेतला. वसईचा समाज आपल्या भूमीत राहिला. त्याच्या धार्मिक लेखनातून ललित लेखन उमलले आणि त्याला मराठी वाचक लाभला. बेने इस्रायलांचे मराठी लेखन प्रार्थनामंदिराच्या व शाळेच्या परिघात राहिले, आणि तो परिघ लौकिक साहित्यात रुंदावण्यापूर्वीच वाचक दूर गेला. दानाच्या वहीत जमा झालेले हे ग्रंथ वाङ्मयाच्या वहीत चढलेच नाहीत.

या बाबतीत एक अधिक गंभीर गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ईश्वराचे नाव ज्यावर हिब्रूत आहे असा ग्रंथ जीर्ण झाला, तर तो टाकून न देता आदराने पुरावा, असा यहुदी संकेत आहे. एका पानावर हिब्रू व समोर मराठी असणारे प्रार्थनाग्रंथही या संकेतास अपवाद नाहीत. म्हणजे ज्या ग्रंथांतून एका समाजाने मराठी गद्यपद्याला नवा आशय दिला, ते ग्रंथ श्रद्धेनेच मातीत जाऊ शकतात. त्या श्रद्धेचा मान राखून, जमातींच्या संमतीने, प्रार्थनामंदिरांच्या कपाटांतील व घराघरांतील मराठी ग्रंथांची सूची व छायाप्रती करून घेणे हे मराठी विभागांना सहज शक्य असलेले काम आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांसाठी याहून निकडीचा विषय शोधावा लागणार नाही. राजपूरकर, केहीमकर, अष्टमकर यांनी आपल्या समाजासाठी मराठीला वेठीस धरले नाही. त्यांनी तिच्यात भर घातली. त्या भरीचा हिशेब ठेवणे, हे मराठीच्या अभ्यासकांकडून होणारे उपकार नव्हेत. ते त्यांच्यावरचे देणे आहे.